कर नाही, तरी डर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्या भाषेत दोन म्हणी आहेत. एक ‘कर नाही त्याला डर कशाला’ आणि दुसरी ‘खाई त्याला खवखवे’. पोलीसपाटलापासून शाळेतल्या मास्तरांपर्यंत सगळे या दोन म्हणींच्या बळावर माणसं ओळखत आले. पूर्वी चोरीचा आळ आला की संशयितांना तांदूळ चावायला देत, असं सांगतात. ज्याच्या तोंडाला कोरड पडली, ज्याचे तांदूळ सुकेच बाहेर आले, तो चोर. पॉलिग्राफ नावाचं जे यंत्र आहे, ते म्हणजे हेच तांदूळ, फक्त विजेवर चालणारे.

छातीला आणि पोटाला दोन नळ्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटांना घामाची नोंद घेणाऱ्या पट्ट्या. यंत्राला खोटं कळत नाही. ते श्वास, नाडी आणि घाम मोजतं. निष्कर्ष समोर बसलेला माणूस काढतो. १९२१ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या पोलीस खात्यात जॉन लार्सन यांनी ते आणलं. त्याच सुमारास रक्तदाबावरून खोटं पकडू पाहणारे विल्यम मार्स्टन पुढे ‘वंडर वुमन’ या चित्रकथेचे जनक झाले आणि त्या नायिकेच्या हातात त्यांनी खरं बोलायला लावणारा दोर दिला. वॉशिंग्टनच्या न्यायालयाने मात्र १९२३ मध्येच मार्स्टन यांची चाचणी पुरावा म्हणून नाकारली होती. १९८८ च्या कायद्याने अमेरिकेतल्या बहुतेक खासगी मालकांनाही नोकरांची अशी चाचणी घ्यायला बंदी झाली. त्या बंदीतून सरकारने स्वतःला वगळलं.

मी कवी माणूस, शिक्षण बी.ए. मला या यंत्राशी काय देणंघेणं? पण माझ्या कॉलेजातल्या एका मित्राचा मुलगा अमेरिकेत जन्मला, तिथेच शिकला, तिथलाच नागरिक. संगणकाची पदवी घेऊन त्याने एका सरकारी तपास यंत्रणेत अर्ज केला. यंत्रणेचं नाव सांगत नाही. लेखी परीक्षा झाली, मुलाखती झाल्या, सशर्त नेमणूक हाती आली आणि मग त्याला त्या खुर्चीत बसवलं. ‘परदेशी व्यक्तीशी असलेला संबंध लपवला आहे का?’ या प्रश्नाला त्याचा श्वास अडखळला. मिरजेत त्याची दादी आहे, दोन फुप्या आहेत, चुलत-आते भावंडांची तर फौजच आहे. फॉर्मात त्याने सगळ्यांची नावं लिहिली होती. तरी प्रश्न कानावर पडताच एखादं नाव राहिलं तर नाही ना, असं मनात आलं. मला फोनवर म्हणाला, ‘चाचा, मी खोटं नाही बोललो. मी फक्त मोजत होतो.’ महिन्याभरात नेमणूक रद्द झाल्याचं दोन ओळींचं पत्र आलं. आमच्या धंद्यात अडखळलेल्या श्वासाला यती म्हणतात; तिथे त्याला लबाडी म्हणाले.

‘पोराला सरकारी दारं कायमची बंद झाली का रे?’ असं त्याच्या बापाने मला विचारलं, म्हणून वाचायला बसलो. उत्तर सरळ हो-नाहीत मिळत नाही. चाचणीत नापास होणं वेगळं आणि गोपनीय कामाची सुरक्षा-परवानगी नाकारली जाणं वेगळं. त्यासाठी वर्षानुवर्षं भरला जाणारा जो एसएफ-८६ नावाचा फॉर्म आहे, त्यात परवानगी कधी नाकारली, स्थगित केली किंवा काढून घेतली का, असं विचारतात. नुसती नेमणूक मागे घेतली असेल, तर त्याचं प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असू शकतं. २०१७ मध्ये लागू झालेल्या राष्ट्रीय निकषांतही, अन्य ठोस माहिती नसताना केवळ आलेखावरून कुणाविरुद्ध निर्णय घेऊ नये, असं म्हटलं आहे.

पण नोकरीवर घ्यायचं की नाही, हा ज्याच्या त्याच्या खात्याचा अधिकार. सीआयए, एनएसए, एफबीआय, सीमाशुल्क आणि सीमासंरक्षण खातं, ही सगळी मंडळी चाचणी घेतात, आणि एकाकडचा निकाल दुसऱ्याच्या कानावर जाऊ शकतो. पोलीस खात्यांचे अनेक फॉर्म तर थेट विचारतात: पूर्वी चाचणी दिली आहे का, कुठे, निकाल काय? तिथे लपवलं तर ते मात्र खरोखरीचं खोटं, आणि केंद्र सरकारच्या फॉर्मात केलं तर गुन्हा. शिवाय यंत्र लावण्याआधी गप्पांच्या ओघात माणूस जे कबूल करतो, तरुणपणी ओढलेला गांजा म्हणा, ते फाईलीत राहतं. आलेखापेक्षा ती कबुलीच पुढे जास्त भोवते. उलट शेती, आरोग्य, हवामान अशा खात्यांतल्या बहुतेक नोकऱ्यांना हे यंत्र आडवंच येत नाही.

एवढं करून हेर सापडतात का? सीआयएचा आल्ड्रिच एम्स १९८५ पासून सोव्हिएत रशियाला गुपितं विकत होता. १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही चाचण्या तो पास झाला आणि १९९४ मध्ये पकडला गेला. क्यूबासाठी हेरगिरी करणारी ॲना मॉन्टेसही १९९४ ची चाचणी पास होऊन २००१ पर्यंत संरक्षण गुप्तवार्ता खात्यात राहिली. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २००३ च्या अहवालात एक हिशेब मांडला आहे. दहा हजार कर्मचारी, त्यांत दहा हेर असं धरा. त्यांतले आठ सापडावेत इतकी चाचणी कडक ठेवली, तर त्यांच्यासोबत सुमारे १,६०० निर्दोष माणसंही संशयित ठरतात. आणि दोन हेर सुटतातच.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी, सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात, इच्छेविरुद्ध ही चाचणी करता येणार नाही, असा निर्णय दिला. तो केवळ आरोपीपुरता नाही. नोकरीच्या उमेदवाराची तिथे खरी अडचण ही की त्याच्यावर कुणी सक्ती करत नाही. सही तो स्वतःच करतो. नाही केली तर रांगेतला पुढचा उमेदवार तयार असतो.

मित्राचा मुलगा सध्या एका शहराच्या पाणीपुरवठा खात्यात संगणकाचं काम करतो. १९७४ च्या खासगीपणाच्या कायद्याखाली त्याने स्वतःची फाईल मागितली आहे. रेघ नेमकी कुठे उडाली, ते त्याला बघायचं आहे. अर्ज मिळाल्याची पोच आली आहे. मिरजेत दादीला यातलं कुणी काही सांगितलेलं नाही.