शिष्यवृत्ती मंजूर आहे, पण हातात नाही

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही गिरणीत लागलो ते बदली कामगार म्हणून. बदलीवाल्याने सकाळी गेटवर उभे राहायचे. कोणी गैरहजर असला तर आत, नाहीतर डबा घेऊन घरी. नाव रजिस्टरात आहे, काम मात्र नाही. आज आपल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींची गत तीच झाली आहे. शिष्यवृत्ती मंजूर आहे, पण हातात नाही.

ही शिष्यवृत्ती कोणी उपकार म्हणून दिलेली नाही. बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. पुढे मुदत संपली आणि १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावे लागले. पुन्हा जायला १९२० साल उजाडले. तेव्हा प्राध्यापकीच्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले कर्ज, एवढ्या भांडवलावर ते गेले. पैशावाचून शिक्षण थांबते म्हणजे काय, हे त्या माणसाने अंगावर सोसले होते. म्हणूनच व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर १९४२ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले, त्यात शिक्षणाच्या पैशाची मागणी होती. १९४४ पासून मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपण जिच्यासाठी अर्ज भरतो ती हीच.

आता पैसा अडतो कुठे? अर्ज महाडीबीटीवर भरला की आधी तो कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने ठरवले की ६० टक्के केंद्र आणि ४० टक्के राज्य देईल. राज्याने आपला वाटा आधी टाकायचा, मग केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. म्हणजे एका पोराचा पैसा दोन तिजोऱ्यांतून यायचा. पहिली उघडली नाही तर दुसरी बंदच. आणि अट काय? घरचे उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत पाहिजे. म्हणजे ज्याच्या घरात थांबायची ताकद नाही, त्यालाच सरकार थांबायला सांगते!

आपल्याच वस्तीतली एक मुलगी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. संध्याकाळी विहारात अभ्यासाला बसायची, ती येईनाशी झाली. चौकशी केली तेव्हा कळले, फीचा पैसा आला नाही म्हणून कॉलेजने हॉल तिकीट अडवले आहे. आई चार घरची धुणीभांडी करते. तिने कानातली फुलं गहाण टाकली, तरी रक्कम भरेना. आम्ही पाच जण कॉलेजात गेलो. क्लार्क म्हणाला, "वरूनच पैसा आला नाही, आम्ही काय करणार?" आम्ही म्हटलं, बाबा, अर्ज कुठे आहे तेवढा कॉम्प्युटरवर दाखव. दाखवला, तर अर्ज त्यांच्याच लॉगिनला अडीच महिने पडून! वर गेलाच नव्हता, तर पैसा येणार कुठून? दुसऱ्या दिवशी अर्ज पुढे सरकला, प्राचार्यांनी हॉल तिकीटही दिले. परीक्षा झाली. पहिला हप्ता आला, दुसरा आज बोलतोय तोपर्यंत आलेला नाही. फुलं अजून सावकाराकडेच आहेत.

दुसरा एक मुलगा आठ महिने बँकेत खेटे घालत होता. पैसा आलेला होता, पण भलत्याच खात्यात. सिमकार्ड घेताना कोणीतरी त्याच्या आधारवर मोबाईलमध्ये खाते उघडून दिले, आणि आधार त्यालाच जोडले गेले. पोराला पत्ताच नाही.

आणि आपलंही थोडं बोलू. फीचा पैसा आता मुलाच्या खात्यात येतो, तो कॉलेजला भरायचा असतो. काही घरांत त्याचा मोबाईल आला, एका घरात लग्नाचा आहेर झाला. मग कॉलेजवाले आपल्याच तोंडावर बोट ठेवतात. गरिबी आम्हाला कळते, पण हे चालायचे नाही.

विहार समितीपुढे आम्ही एक मागणी ठेवली आहे. जयंतीच्या वर्गणीतला काही भाग बाजूला काढावा, आणि ज्याची शिष्यवृत्ती मंजूर आहे पण अडकली आहे त्याला तेवढी रक्कम बिनव्याजी उचल द्यावी. हप्ता आला की त्याने ती परत करावी. खजिनदार विचारतात, बुडाली तर? प्रश्न रास्त आहे. म्हणून आईबापाची सही घ्यावी, दोन शेजारी जामीन घ्यावेत, गिरणीच्या पतपेढीत आम्ही हेच करत होतो. एखादी रक्कम बुडेलही. डीजेचे भाडे दर वर्षी बुडतेच, त्याचा जामीन कोणी मागितला नाही.

येत्या रविवारी वंदनेनंतर आम्ही इथेच सतरंजीवर बसणार आहोत. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी अर्जाचा नंबर, उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला, आधार, बँकेचे पासबुक घेऊन यावे. अर्ज कोणाच्या टेबलावर अडला आहे ते एकेकाचे पाहू आणि वहीत लिहू. सोमवारी ती वही घेऊन समाजकल्याण कार्यालयात जायचे आहे. आयांनी पण यावे, नुसत्या पोरांना पाठवू नये.

जयभीम!