मलकापुरातले दोन निवांत दिवस

शनिवार-रविवार जोडून मिळाले की गाड्या महाबळेश्वरला वळतात आणि निम्मी सुट्टी घाटातल्या रांगेत जाते. त्यापेक्षा पुणे-बंगळूर महामार्गावर, कराडला खेटून असलेल्या मलकापुरात उतरून पाहा.

सकाळी उन्हाआधी आगाशिवचा डोंगर चढा. जखिणवाडीच्या अंगाला साठहून अधिक बौद्ध लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. नक्षीकाम बेताचेच, पण भिक्षूंच्या खोल्या, दगडी ओटे आणि पाण्याची टाकी पाहिली की इथली राहणी समजते. माथ्यावर महादेवाचे देऊळ आहे. पाणी सोबत न्या.

संध्याकाळ कराडच्या प्रीतिसंगमावर घालवा. कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन भिडतात आणि मग पूर्वेकडे वळतात. असा संगम विरळाच. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. कराडच्या कोटातली नकट्या रावळाची पायऱ्यांची विहीर मात्र लोक विनाकारण चुकवतात.

रविवारी सातारा जिल्ह्यातले औंध गाठा. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली यमाई देवीच्या डोंगरावर संग्रहालय उभारले. तिथे राजा रविवर्म्याची चित्रे आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता-बालकाचे शिल्पही! युरोपातली कलादालने हिंडायला निघालेल्यांनी आधी हे पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. निघण्यापूर्वी संग्रहालयाच्या वेळा तेवढ्या विचारून घ्या.