पाणी आणि हवेसारखं शिक्षण




आज ऐकूया अरबी लेखक ताहा हुसेन यांच्याविषयी.
जन्म इजिप्तमधला, 1889 सालचा.
लहानपणी डोळे आले.
गावठी उपचार झाले,
आणि दृष्टी कायमची गेली.

एकदा जेवताना त्यांनी घास दोन्ही हातांनी उचलला.
भावंडं हसली.
आईला रडू कोसळलं.
हा प्रसंग त्यांनी ‘अल्-अय्याम’, म्हणजे ‘दिवस’, या आत्मकथेत सांगितला आहे.
आधुनिक अरबी गद्यातलं हे पुस्तक मला फार मोलाचं वाटतं.

ते कैरोत शिकले.
पॅरिसमध्ये शिकले.
फ्रान्समध्येच, माँपेलिएत भेटलेली सुझान त्यांना पुस्तकं वाचून दाखवायची.
पुढे तीच त्यांची पत्नी झाली.

शिक्षण पाण्यासारखं, हवेसारखं सगळ्यांना मिळावं,
हा त्यांचा आग्रह.
1950 मध्ये ते शिक्षणमंत्री झाले,
आणि इजिप्तमध्ये माध्यमिक शिक्षण मोफत झालं.
पुन्हा सांगते, श्रोतेहो:
पाण्यासारखं, हवेसारखं.

आपल्या गल्लीत दृष्टी नसलेलं एखादं मूल घरीच बसून असेल,
तर त्याच्या आईवडिलांना जरूर भेटा.
आपल्या म्हैसुरात अंध मुलांसाठी सरकारी शाळा आहे,
एवढं त्यांना सांगा.