नकाशात आपली वस्ती कुठंय?

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपला लढा सुरू कधी होतो? बुलडोझर गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला की. मग घोषणा, बाया आडव्या पडतात, पोरं दगड उचलतात. मी त्या लढ्याला नावं ठेवत नाही. त्यानं घरं वाचलीत. पण मी नकाशे काढून पोट भरणारा माणूस. आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे. म्हणून सांगतो, बुलडोझर सगळ्यात शेवटी येतो. त्याच्या कितीतरी वर्षं आधी पेन्सिल येऊन गेलेली असते. तिचा आवाज होत नाही, एवढंच.

ही पेन्सिल म्हणजे शहराचा विकास आराखडा. पुढच्या वीस वर्षांत शाळा कुठं, दवाखाना कुठं, रस्ता केवढा, टॉवर कुठं, हे त्यात ठरतं. मुंबईचा पहिला आराखडा मंजूर झाला 1967 साली. दुसरा 1991 ते 1994 या काळात, तुकड्यातुकड्यानं. तिसरा 2018 साली, तो 2034 पर्यंतचा. कायदा आहे 1966 चा: महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम. नाव ऐकूनच झोप येते. पण ज्यांच्या मालकीच्या जमिनी आहेत त्यांच्या वकिलांना तो तोंडपाठ असतो.

आता आरक्षणाबद्दल बोलतो. कान टवकारले ना? आपल्या आरक्षणाच्या नावानं ऑफिसच्या कॅन्टीनपासून टीव्हीपर्यंत सगळे बोंबलतात. पण या शहरात दुसरंही एक आरक्षण आहे. जमिनीचं. आराखड्यात एखादा प्लॉट शाळेसाठी, प्रसूतिगृहासाठी, मैदानासाठी राखून ठेवतात, त्यालाही आरक्षणच म्हणतात. त्याची गरज सगळ्यात जास्त कुणाला? ज्याच्यापाशी प्रायव्हेट शाळेची फी नाही, ज्याच्या पोराला खेळायला जिना सोडून जागा नाही, त्याला. म्हणजे आपल्याला.

हे आरक्षण मरतं कसं ते बघा. कलम 127 सांगतं, आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत ती जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतरच्या मुदतीतही संपादनाचं पाऊल उचललं नाही, की आरक्षण खलास. दवाखाना गेला, जमीन मालकाला मोकळी. यावर एकही मेरिटवाला बोंबलत नाही.

गिरणगावचं काय झालं? 1982 चा संप मोडला, गिरण्या बंद पडत गेल्या. त्यांच्या जमिनींसाठी 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम 58 होता. त्याचा मथितार्थ असा, की जमिनीचे तीन वाटे करायचे: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 साली त्यात फेरबदल झाला. वाटे करायचे ते फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचे. जिथं गिरणीचं बांधकाम उभं होतं, ती जमीन वाटणीतून बाद. आता सांगा, गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? कोर्टकचेऱ्या झाल्या. 2006 साली सुप्रीम कोर्टानं तो बदल कायम ठेवला. गोळीबार नाही, लाठीमार नाही. नियमातल्या एका ओळीनं कामगाराच्या वाट्याची मैदानं आणि घरं आक्रसली, आणि तिथं मॉल आणि टॉवर उभे राहिले.

आता आपल्या वस्तीकडं या. आराखडा करण्याआधी, आज जमिनीवर काय आहे त्याचा नकाशा करावा लागतो. कलम 25. पक्क्या इमारतींच्या भागात त्यात शाळा, देऊळ, बाजार, दवाखाना वेगळे दिसतात. आपल्या वस्तीवर मात्र एकच रंग फासतात: झोपडपट्टी. बस्स. आतलं बुद्धविहार नाही, वाचनालय नाही, बालवाडी नाही, चामड्याचे गाळे नाहीत, संडासाची रांगही नाही. 2011 च्या जनगणनेत बृहन्मुंबईतल्या शंभरातली सुमारे 41 माणसं झोपडपट्टीत मोजली गेली. एवढी माणसं एका रंगाखाली! जी बालवाडी नकाशात नाही, ती पाडली तर कागदावर काहीच पाडलं जात नाही. गावातलं गावकूस दगडामातीचं होतं. इथलं कागदाचं आहे.

काही दोस्त म्हणतील, अर्जफाट्यानं कुठं क्रांती होते काय? त्यांना मी महाडची आठवण देतो. सार्वजनिक पाणवठे खुले करणारा बोले ठराव 1923 चा. महाड नगरपालिकेनं 1924 साली चवदार तळं खुलं केलं, तेही कागदावर. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब माणसं घेऊन तळ्यावर गेले, तेव्हा त्या कागदात जीव आला. पण गोष्ट तिथं संपली नाही. सनातन्यांनी दावा लावला. बाबासाहेब तो हायकोर्टापर्यंत लढले, निकाल लागला 1937 साली. दहा वर्षं! पाय आणि कागद, दोन्ही. आपण पाय उचलले, कागद मात्र साहेबाच्या टेबलावर सोडून आलो.

कागदानं काय होतं तेही सांगतो. 2015 च्या फेब्रुवारीत तिसऱ्या आराखड्याचा मसुदा निघाला. हरकतींना 60 दिवस. कोळीवाडे, गावठाणं, वस्त्या, सोसायट्या, सगळीकडून हजारो हरकती पडल्या. चुका एवढ्या निघाल्या, की एप्रिलमध्ये सरकारला तो मसुदा रद्द करून नवा करायला सांगावं लागलं. नवा आला 2016 च्या मे महिन्यात. वस्त्यांना आराखडा वाचायला शिकवण्यासाठी त्या काळात हमारा शहर विकास नियोजन अभियान राबलं. म्हणजे हे होऊ शकतं.

तेव्हा भाषण पुरे, काम सांगतो. आपल्या वॉर्डाची आराखड्याची शीट मिळवा. देत नसतील तर माहितीच्या अधिकारात मागा. आपण राहतो त्या जमिनीचा सीटीएस नंबर शोधा आणि तिच्यावर कसलं आरक्षण टाकलंय ते वाचा. रस्ता? बाग? डोक्यावर टांगलेली तलवार कुठली ते तरी कळेल. मग टेप घेऊन गल्लीगल्ली मोजा. नळ, संडास, विहार, बालवाडी, कारखाने, सगळं मांडा, आणि कोणतं कधीपासून आहे त्याचे पुरावे जोडा. पोरींना यात पुढं ठेवा. पाणी कुठनं आणि किती वाजता येतं, हे त्यांना जास्त ठाऊक असतं.

आणि वर्तमानपत्रातल्या त्या बारीक टायपातल्या नोटिसा वाचा. मंजूर आराखड्यातलं आरक्षण बदलायचं असलं की कलम 37 खाली नोटीस निघते. नाव ठेवलंय ‘किरकोळ फेरबदल’. हरकतीला एक महिना. किरकोळ कुणासाठी, ते आपण ठरवायचं. हरकत लेखी द्या, पोच घ्या, सुनावणीला पन्नास जण जा.

पुढचा आराखडा 2034 नंतरचा. त्याची मोजणी त्याच्या कितीतरी आधी सुरू होईल. मोजणीवाला वस्तीत शिरेल तेव्हा त्याच्या हातात कोरा कागद असेल. आपल्या हातात भरलेला असला पाहिजे. ज्यांना हे काम करायचंय त्यांनी शिबिर सुटल्यावर थांबा. टेप मी आणलाय.

जय भीम!