चुकीची किल्ली लावून पाहताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

इतवारीत कुलूप घ्यायला गेलं की दुकानदार त्याची किल्ली फिरवून दाखवतो. कुलूप लागतं, उघडतं, आपण पैसे देतो. शेजारच्या कुलपाची किल्ली लावली तर ते उघडत नाही ना, हे मात्र कुणी पाहत नाही. खरं तर कुलपाची परीक्षा तीच. मी नागपुरात सर्व्हर सांभाळण्याचं काम करतो. या दुसऱ्या परीक्षेशी माझा रोजचा संबंध येतो.

सर्व्हरवर आमचं काम माऊसने कमी आणि टाइप करूनच जास्त चालतं. टाइप केलेल्या आज्ञेला कमांड म्हणायचं. अशा कमांड ओळीने एका फाइलमध्ये लिहिल्या की झाली शेल स्क्रिप्ट. स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ मध्ये युनिक्सबरोबर आला, त्याचीच परंपरा आजही चालू आहे. प्रत्येक कमांड काम संपलं की एक आकडा मागे ठेवते. शून्य म्हणजे काम फत्ते. दुसरा कोणताही आकडा म्हणजे काहीतरी बिघडलं. शून्य मैलाच्या दगडाचं कौतुक असलेल्या नागपूरकरांना हे पटायला हरकत नसावी!

आता समजा, सुरक्षेच्या सेटिंगमध्ये कुणी स्पेलिंग चुकवलं. प्रोग्रामने थांबून चूक दाखवावी, की न कळलेला शब्द गाळून पुढे जावं? दुसरी वाट सोयीची, पण घातक. मालकाला वाटतं कडी लावली आहे आणि दार असतं सताड उघडं. दूरच्या संगणकात शिरण्यासाठी आम्ही एसएसएच वापरतो, त्याचा खाक्या मला आवडतो. आपल्या खासगी किल्लीची फाइल इतरांनाही वाचता येत असेल, तर तो मोठ्या अक्षरांत इशारा देतो आणि ती किल्ली वापरायलाच नकार देतो. नवी मुलं यावर चिडतात. चिडू द्यावं.

२०१४ च्या मार्चमध्ये ग्नूटीएलएस या लायब्ररीतला एक दोष उघड झाला. इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवायला लिनक्सवरचे पुष्कळ प्रोग्राम तिचा आधार घेत. तिच्या आतल्या हिशेबात शून्याचा अर्थ शेलच्या उलट होता: १ म्हणजे ‘हो’, शून्य म्हणजे ‘नाही’. पण प्रमाणपत्र तपासताना अडचण आली की ऋण आकडा परत येई, आणि पुढचा कोड ‘शून्य नाही ना, मग हो’ असं धरून चाले. मुद्दाम वेडंवाकडं बनवलेलं प्रमाणपत्र त्यामुळे खरं ठरू शकत होतं. कित्येक वर्षं हे तसंच राहिलं. योग्य प्रमाणपत्रं देऊन कितीही चाचण्या घेतल्या असत्या, तरी ते सापडलं नसतं.

म्हणून मी स्क्रिप्टमध्ये मुद्दाम चुकीची सेटिंग देतो आणि कमांडने शून्य दिला की चाचणी नापास ठरवतो. यातही एक मेख आहे. स्क्रिप्टमध्ये कमांडचंच नाव चुकलं, तर शेल १२७ देतो, म्हणजे ‘अशी कमांडच नाही’. शून्य नाही, म्हणून चाचणी पास! स्मृतीच्या गोंधळाने प्रोग्राम कोसळला की लिनक्सवर सहसा १३९ मिळतो, तोही शून्य नाहीच. तेव्हा नकार कोणत्या कारणाने मिळाला, संदेशात चुकलेल्या शब्दाचा उल्लेख आहे का, हेही पाहावं लागतं. शिवाय तीच कमांड बरोबर सेटिंग देऊन चालवायची आणि तिथे शून्यच यायला हवा.

एवढ्यानेही भागत नाही. एसएसएचच्या सर्व्हर प्रोग्रामला छोट्या लिपीतला ‘टी’ हा पर्याय दिला की तो सेटिंगची फाइल तपासतो. चुकीचा शब्द ओळ क्रमांकासह दाखवतो. पण त्याचा नियम असा की एकच सेटिंग दोनदा आली तर पहिली धरायची. एका कार्यालयात पासवर्डने लॉगिन बंद करणारी ओळ फाइलच्या शेवटी जोडलेली होती. वर ‘चालू’ असं आधीच लिहिलेलं. स्पेलिंग बिनचूक, तपासणीत शून्य, कुठे तक्रार नाही, आणि पासवर्डचं दार उघडंच!

मोठ्या लिपीतला ‘टी’ दिला, तर प्रत्यक्षात लागू असलेल्या सेटिंग्ज छापल्या जातात. आमची स्क्रिप्ट आता त्या यादीत पासवर्डची ओळ शोधते. मग एका चाचणी खात्याचा खरा पासवर्ड देऊन ती सर्व्हरमध्ये शिरायचा प्रयत्न करते. शिरता आलं, तर त्याच रात्री माझ्या मोबाइलवर निरोप येतो.