धायटी : कोरडवाहू अंगणाची शोभा

भारतातील वन्य गुलाबांच्या बहुतेक जाती हिमालयाच्या शीतल उतारांवर वाढणाऱ्या असल्याने, ज्या यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळ्याचा पारा 45 अंशांच्या घरात जातो आणि पर्जन्य मुख्यतः जून ते सप्टेंबर एवढ्याच मुदतीत आपली हजेरी लावतो, तेथे पाण्याची काटकसर करू पाहणाऱ्याने त्यांचा हट्ट न धरता आपल्याच डोंगरउतारांवरील धायटीकडे वळावे, हे इष्ट.

शिशिर-वसंतात, भोवतालचा साग निष्पर्ण होत असता, या झुडपाच्या वाकलेल्या लांब फांद्या तांबड्या, नळीदार पुष्पांनी लहडून जातात, आणि त्यांतील मधासाठी शिंजीर पक्षी येरझारा घालतात. हीच पुष्पे वैद्यवर्ग आसवे व अरिष्टे आंबविण्यासाठी योजतो. गुलाबाहून त्यांची योग्यता मला तसूभरही कमी वाटत नाही.

लागवड मृगाच्या पावसानंतर करावी. काळ्या चिकण जमिनीत पाणी साचते, म्हणून खड्ड्यात मुरूम मिसळून निचऱ्याची तजवीज ठेवावी. पहिल्या उन्हाळ्यात मात्र बेताचे पाणी आणि बुडाशी पालापाचोळ्याचे आच्छादन अवश्य द्यावे. बी अतिसूक्ष्म असल्याने ते खोल न पुरता वाळूमिश्रित मातीवर पसरावे. रोपासाठी जंगलातील झाड कोणी उपटू नये, ही आग्रहाची विनंती.