परदेशात टॅक्सीत बसताना

मंडळी, आपल्या संगमेश्वराकडची माणसं दुबईला कामाला जातात. आता त्यांच्या आयाही लेकाला भेटायला निघतात. विमानतळावर लेक वेळेत पोचला नाही, तर काय करायचं? घाबरायचं नाही.

बाहेर कोणी "चला, टॅक्सी" म्हणत जवळ आला, तर त्याच्यामागे जाऊ नका. टॅक्सीची रांग असते, तिथे उभ्या राहा. दुबईच्या टॅक्सीचा रंग वाळूसारखा. टप गुलाबी असेल, तर चालवणारी बाई असते. बसल्यावर मीटर सुरू झाला का, ते बघा.

लेकाने फोनवरून गाडी ठरवली, तर तो गाडीचा नंबर कळवील. तो कागदावर लिहून घ्या. गाडी आली, की पाटीशी ताडून पाहा. एक आकडा जरी चुकला, तरी बसू नका. लेकाचं नाव आपण सांगू नका. ड्रायव्हरलाच हिंदीत विचारा, "गाडी कोणी बोलावली?" नाव त्याने सांगितलं पाहिजे.

अडचण आली, तर तिथल्या पोलिसांचा नंबर 999.

पाटीवरचे आकडे इंग्रजी असतात. म्हणून ते इथेच गिरवून घ्या. काल आपण अंगठा उठवत होतो. आज नंबर वाचतो. परमुलखात तोच आपला सोबती.